अपघाताची तारीख व वेळ

महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाचे काम म्हणजे गळ्यात शिट्टी आणि पायाखाली मैदान, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत माझा निम्म्याहून अधिक वेळ कागदांत जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे पात्रता अर्ज, दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहायची जन्मतारीख, मागील परीक्षेच्या गुणपत्रिका, प्राचार्यांची सही व शिक्का, संघ परतल्यावर टीए-डीएची व्हाउचरे, असे ते सगळे असते. गेल्या हंगामात यांपैकी एका कागदावरील एका रकान्याने मला जे अडवले, ते अजून मनातून जात नाही.

प्रकरण आमच्या महाविद्यालयातील एका धावपटू मुलीचे आहे. ती मंगळवेढा तालुक्यातील, घरी कोरडवाहू ज्वारीचे रान, शिकायला सोलापुरात, राहायला आमच्या मुलींच्या वसतिगृहात. माणदेशातून आलेली ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली, तेव्हा ही मुलगी शाळेत होती. आमच्या भागातल्या अनेक मुलींप्रमाणे तिनेही त्याच सुमारास धावायला सुरुवात केली. महाविद्यालयात आल्यापासून 5000 आणि 10,000 मीटरमध्ये ती विद्यापीठाची कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून धावणारी खेळाडू होती. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी सरावातील तिची वेळ पाहता अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत ती पहिल्या आठांत येईल, याची मला खात्री वाटत होती, आणि अशी खात्री आमच्या महाविद्यालयात फार क्वचित वाटते.

महाविद्यालयाला तिचा किती उपयोग होता, हेही सांगितले पाहिजे. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर तिचे छायाचित्र होते. प्रवेशाच्या दिवसांत फाटकावर तिचा फ्लेक्स होता. शिवाय ते वर्ष नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या तयारीचे होते. नॅकच्या पाचव्या निकषात 5.3.1 ही जी बाब होती, तिच्यात आंतरविद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवर विद्यार्थ्यांनी मिळवलेली पदके व पारितोषिके मोजली जात आणि प्रत्येकाचे प्रमाणपत्र जोडावे लागे. त्या तक्त्यातील पाच वर्षांच्या नोंदींत तिचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. तक्ता मीच भरला होता आणि तो भरताना मला तिचा अभिमानच वाटला होता.

संघ निघायला चार दिवस उरले असतानाची गोष्ट. डिसेंबरात होटगी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू होण्याआधी मुलींचा सराव उरकावा लागतो, म्हणून आम्ही साडेपाचला सुरुवात करतो. सोलापुरात मऊ जमीन मिळणे कठीण. मैदान क्रिकेटवाल्यांनी अडवलेले असते, आणि लांब पल्ल्याच्या मुलामुलींच्या वाट्याला शेवटी डांबरच येते. त्या पहाटे तिसऱ्या किलोमीटरनंतर तिचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडू लागला. चेहऱ्यावर काही नव्हते, श्वासही ठीक होता, पण पाऊल पडल्याचा आवाज दोन्ही पायांचा सारखा येत नव्हता. डावा पाय टेकल्याचा आवाज भरीव, उजव्याचा उडता. डांबरावर हा फरक ऐकू येतो. मातीवर तो कदाचित माझ्याही लक्षात आला नसता. मी तिला थांबवले. तिने ‘काही नाही, मॅडम, शिन पेन आहे’ असे म्हटले.

शिन पेन हा शब्द खेळाडू सर्रास वापरतात आणि त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपतात. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली आले असता दुखणे वीतभर पसरलेले असेल, तर बहुधा तो स्नायू हाडाला जिथे चिकटतो तेथील दाह असतो. विश्रांती, बर्फ आणि सरावातील बदल यांनी तो आटोक्यात येतो. परंतु दुखणे एकाच जागी, बोटाच्या टोकाखाली मावेल एवढ्यात असेल आणि तिथे दाबताच खेळाडू पाय मागे ओढत असेल, तर हाडातच तडा जाऊ लागल्याची शंका घ्यावी लागते. मी तिला रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवून नडगी तपासली. घोट्याच्या वर चार बोटांवर तिने पाय असा झटकला की माझा हात बाजूला उडाला. मग उभे करून त्या एका पायावर उडी मारायला सांगितले. पहिली उडी तिने मारली, दुसरी मारली नाही. रात्री झोपेतही ठणकते का, या प्रश्नावर तिने मान खाली घातली. दिवाळीच्या आधीपासून ठणकत होते.

मग मी तो प्रश्न विचारला, जो या व्यवसायातील माझे बहुतेक पुरुष सहकारी विचारू शकत नाहीत आणि ज्यांना विचारता येतो त्याही अनेकदा विचारत नाहीत. पाळी कधी आली होती? ती म्हणाली, ‘गणपतीच्या आधी आली होती. त्यानंतर नाही. बरंच झालं की मॅडम, सरावाला आडवं येत नाही.’ हे ती समाधानाने सांगत होती. तिच्या खोलीतल्या दुसऱ्या एका खेळाडू मुलीचेही तसेच असल्याने दोघींना ते चांगल्या सरावाचे लक्षण वाटत होते.

खर्च होते तेवढे अन्न पोटात जात नसेल, तर शरीर आधी पाळी थांबवते, मग हाडांची डागडुजी थांबवते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे नाव देऊन तिची लक्षणे सविस्तर मांडली; मुलींच्या बाबतीत अपुरे पोषण, बंद झालेली पाळी आणि ठिसूळ हाडे यांचा संबंध तर त्याच्याही कितीतरी आधीपासून माहीत आहे. हे ज्ञान दुर्मीळ नाही. मुलगी आणि ते ज्ञान यांची गाठ घालून देण्याची जबाबदारी महाविद्यालयात कोणाचीच नसते, एवढाच प्रश्न आहे.

सकाळी दहा वाजता एक्स-रे झाला. त्यात काही दिसले नाही. हे अपेक्षित होते, कारण अशा तड्याची खूण पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेवर बहुधा उमटत नाही. परंतु ‘एक्स-रे नॉर्मल’ हे दोन शब्द माझ्याआधी महाविद्यालयात पोहोचले आणि दुपारपर्यंत सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र एमआरआयशिवाय धावू देऊ नका, असे स्पष्ट लिहून दिले होते. खर्च साडेपाच हजार रुपये.

मी कार्यालयात गेले. आमचे कार्यालयीन अधीक्षक काटेकोर आहेत आणि त्यांच्या काटेकोरपणामुळेच आमच्या लेखापरीक्षणात फारशी वादावादी होत नाही. त्यांनी जिमखाना निधीची वही माझ्यासमोर उघडली. प्रवेशशुल्क, प्रवासखर्च, दैनिक भत्ता, क्रीडासाहित्य, ट्रॅकसूट व कीट, पंचांचे मानधन, मैदानाची आखणी, पारितोषिके, छपाई व फ्लेक्स, आणि शेवटी प्रथमोपचार साहित्य. या शेवटच्या शीर्षाखाली वर्षाला तीन हजार रुपये होते आणि त्यातून कापूस, क्रेप बँडेज, वेदनाशामक स्प्रे यांचीच खरेदी करता येत होती. तपासणी, औषधोपचार, फिजिओथेरपी असे एकही शीर्ष त्या वहीत नव्हते. त्याआधी मी खेळाडूंसाठी दूध आणि अंडी मागितली होती, तेव्हाही आहार ही बाब शीर्षात बसत नाही, असेच उत्तर मिळाले होते. मुलीला धावायला परगावी पाठवण्याचा पैसा होता, धावून तिचा पाय मोडत आला तर तो पाहण्याचा नव्हता.

अखेर पैसे शिक्षक कक्षात जमले. पहिले दोन हजार रुपये भूगोलाच्या विभागप्रमुखांनी काढून दिले. याच सरांनी तिची प्रात्यक्षिक परीक्षा स्पर्धेमुळे वेगळ्या तुकडीत घ्यायला आधीच्या वर्षी साफ नकार दिला होता आणि तिला पहाटे रेल्वेतून उतरून थेट प्रयोगशाळेत यावे लागले होते. माणूस म्हणून ते उदार आहेत. नियमाची पळवाट काढावी लागेल म्हणून ते ताठर होतात, आणि नियमातच वाट ठेवलेली नसल्यामुळे खेळाडूंचे शिक्षण अशा सरांच्या मर्जीवर चालते. एकाने सवलत द्यायची, दुसऱ्याने अडवायचे, आणि मुलांनी दोघांच्याही पाया पडायचे, हे मला कधीच पटलेले नाही.

एमआरआयचा अहवाल संध्याकाळी आला. नडगीच्या हाडात तिसऱ्या श्रेणीची इजा होती. म्हणजे हाडाच्या आत सूज पुरती पसरलेली, पण तडा अजून उघड झालेला नाही. डॉक्टरांचे म्हणणे असे की, किमान आठ आठवडे धावणे पूर्ण बंद; 10,000 मीटर म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या, आणि त्या मारताना हाड उभे मोडू शकते. रक्तात हिमोग्लोबिन 9.4, म्हणजे बरेच कमी निघाले.

प्राचार्यांच्या दालनात साडेसहाला बैठक झाली. मंगळवेढ्याहून एसटीने तिचे वडील आले होते. प्राचार्यांनी विचारले, ‘मॅडम, एकच शर्यत आहे. डॉक्टरांना विचारून इंजेक्शन वगैरे देऊन भागणार नाही का?’ हे वाचून कोणी त्यांना निर्दयी ठरवू नये. ते तसे नाहीत. त्यांच्यासमोर जो तक्ता होता त्यात पदकाला रकाना होता, पायाला नव्हता, आणि माणूस दिवसभर ज्या तक्त्यात बुडालेला असतो त्याच्याच भाषेत बोलू लागतो. मी डॉक्टरांचे पत्र वाचून दाखवले आणि ती जाणार नाही, असे सांगितले. संघात तिचे नाव विद्यापीठाकडून गेले होते, म्हणून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला त्याच रात्री मेल केला. नोंदणीची मुदत संपली असल्यामुळे तिच्या जागी दुसरी मुलगीही जाऊ शकली नाही.

प्राचार्यांचा प्रश्न मी लगेच परतवला, वडिलांच्या प्रश्नाने मात्र मला निरुत्तर केले. ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, पाय काय, आज ना उद्या भरून येईल. पर हे तिसरं वर्ष हाय. ह्या वर्षाचं सर्टिफिकेट पुन्हा मिळंल का?’ शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे आमच्याकडच्या प्रत्येक पालकाला पाठ असते. कोणत्या स्पर्धेतील कोणते स्थान कोणत्या पदासाठी चालते, प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते, याचे बारकावे त्यांना अनेकदा ठाऊक नसतात. पण कागद मिळाला तर दार उघडेल आणि न मिळाला तर उघडणार नाही, हे ठाऊक असते. त्या मुलीचे सगळे पहाटेचे धावणे घरच्यांच्या हिशेबात त्या कागदासाठी होते. मी त्यांना म्हणाले, ‘काका, हाड मोडलं तर पुढचं एकही वर्ष राहणार नाही.’ हे खरे होते. तरीही त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, आणि ते त्यांच्याही लक्षात आले.

मुलगी त्या बैठकीत एकच वाक्य बोलली. ‘मी पळू शकते.’ तिला कोणीही उत्तर दिले नाही.

विम्याची गोष्ट यानंतरची. आमच्याकडे शुल्काबरोबरच सर्व विद्यार्थ्यांकडून अपघात विम्याची रक्कम घेतली जाते. एमआरआय, औषधे आणि पुढील फिजिओथेरपीचा खर्च त्यातून मिळावा म्हणून मी दाव्याचा अर्ज भरायला घेतला. तिसरा रकाना होता: अपघाताची तारीख व वेळ. चौथा: अपघाताचे ठिकाण. पाचवा: प्रत्यक्षदर्शीचे नाव. मी बराच वेळ त्या तीन रकान्यांसमोर बसून होते. ती कुठे पडली नव्हती, तिला कोणी धडक दिली नव्हती. तिचे हाड दररोज पहाटे थोडे झिजत होते आणि रात्री ते भरून काढायला लागणारे अन्न तिच्या पोटात नव्हते. खोटी तारीख टाका, मैदानात खड्ड्यात पाय गेला म्हणून लिहा, असा सल्ला मला एकाहून अधिक अनुभवी सहकाऱ्यांनी दिला आणि असे दावे मंजूर होतात, हेही सांगितले. मी तसे लिहिले नाही. डॉक्टरांचा अहवाल जोडून, ही इजा सरावाच्या ताणामुळे काही आठवड्यांत क्रमाक्रमाने झालेली आहे, असे लिहिले. दावा फेटाळला गेला. हा अपघात नाही, असे कारण मिळाले. आजार म्हणून पाहावे तर आजारपणाला ती पॉलिसी लागू नव्हती.

लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या बहुतेक गंभीर इजा याच जातीच्या असतात. म्हणजे या धावपटूंना जी इजा सर्वांत अधिक होते, नेमकी तीच विम्याच्या व्याख्येबाहेर राहते. हे कोणी मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. अर्ज तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जिन्यावरून पडणारा विद्यार्थी असावा.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाकडे आपल्याकडचे क्रीडाशिक्षक फार कौतुकाने पाहतात, आणि जून 2025 मध्ये तेथील न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर महाविद्यालये खेळाडूंना उत्पन्नाचा थेट वाटा देऊ लागली, ही बातमी आमच्या गटात सर्वांनी एकमेकांना पाठवली होती. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती तेथील दुसरी तरतूद. एनसीएए या तेथील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागातील महाविद्यालयांना 1 ऑगस्ट 2024 पासून खेळामुळे झालेल्या इजेचा वैद्यकीय खर्च खेळाडू महाविद्यालय सोडून गेल्यानंतरही किमान दोन वर्षे उचलावा लागतो. तेथेही हे सहज आलेले नाही. 1955 साली रे डेनिसन नावाचा कोलोरॅडो राज्यातील एक महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला, त्याच्या पत्नीने भरपाई मागितली, आणि महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, अशा कारणाने 1957 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. आमच्या जिमखान्याच्या वहीचे म्हणणे आजही तेच आहे. आपल्याकडे खेलो इंडियाच्या यादीत आलेल्या खेळाडूला महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च, प्रशिक्षण व वैद्यकीय साहाय्य मिळते, आणि ती योजना चांगली आहे. पण त्या यादीच्या एक पायरी खाली, विद्यापीठाच्या पातळीवर धावणाऱ्या हजारो मुलामुलींचे पालकत्व महाविद्यालयाकडेच राहते.

सुट्टीनंतर मी वसतिगृहाच्या खाणावळीचे वेळापत्रक हाती घेऊन बसले. नाश्ता साडेआठला. सराव साडेसातला संपतो, आणि आठला तिचा पहिला तास. त्यामुळे नाश्ता रोजच हुकायचा. दुपारचे जेवण बाराला. संध्याकाळचा सराव पाच ते सात, जेवण आठला. म्हणजे रात्री आठच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी बारापर्यंत, सोळा तास, त्यात पहाटेचे दहा किलोमीटर आणि चार तास लेक्चर, ही मुलगी जवळजवळ उपाशी होती. धावताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे एका किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. तिचे वजन 44 किलो आणि दोन्ही वेळचे अंतर चौदा किलोमीटर धरले, तर सहाशेहून अधिक किलोकॅलरी नुसत्या धावण्यात जात होत्या. ताटात मात्र तिला बाकीच्या मुलींइतकेच वाढले जायचे, तीन पोळ्या, एक भाजी, भात आणि पातळ वरण. ट्रंकेत घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची. ती महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात संपायची, कारण खोलीतल्या चौघी त्यावर जगायच्या. पुढे तिनेच मला हे हसत सांगितले.

खाणावळीची वेळ बदलायला एक रुपयाही लागत नव्हता, म्हणून ती लगेच बदलली. खेळाडू मुलींची ताटे आता पावणेआठला काढून ठेवली जातात आणि पहिल्या तासाला पंधरा मिनिटे उशीर चालवून घ्यावा, असे परिपत्रक निघाले आहे. हंगामापूर्वी सर्व खेळाडूंचे हिमोग्लोबिन तपासण्याची सोय शासकीय रुग्णालयाच्या सहकार्याने झाली. यंदा पहिल्याच तपासणीत मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणी कमी निघाल्या, आणि त्यांत कबड्डी व खो-खोच्या, अंगाने धडधाकट दिसणाऱ्या मुलीही होत्या. पाळीची नोंद ठेवण्याची वही मात्र मी माझ्याकडेच, कुलपात ठेवते. ती कार्यालयाच्या दप्तरात जाऊ नये, याबद्दल मी ठाम आहे.

ती मुलगी पदवीधर झाली. हाड भरून आले, पाळी मे महिन्यात परत आली. एम.ए.ला प्रवेश घेऊन आणखी एक आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळावी, असे मी सुचवले होते; तिने पोलीस भरतीची तयारी निवडली आहे. तिथे मुलींना 800 मीटर धावायचे असते, 10,000 नाही. पंचवीस फेऱ्यांची ताकद असलेली मुलगी आता दोन फेऱ्यांसाठी सराव करते आणि तिच्या घरच्यांना तेच शहाणपणाचे वाटते. भेटल्यावर ती नीट बोलते. त्या शर्यतीचा विषय निघाला की अजूनही म्हणते, ‘मी पळाले असते, मॅडम.’ ती पळाली असती, यात मला शंका नाही. डॉक्टर म्हणाले तसे हाड मोडलेच असते का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि वडिलांच्या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेले नाही.

महाविद्यालय विकास समितीपुढे अंदाजपत्रक पुढील महिन्यात येणार आहे. जिमखाना निधीत ‘खेळाडूंची वैद्यकीय तपासणी, उपचार व आहार’ असे नवे शीर्ष उघडून त्याखाली पन्नास हजार रुपये ठेवावेत, अशी टिपणी मी दिली आहे. अधीक्षकांनी तिच्यातील भाषा लेखापरीक्षणात टिकेल अशी दुरुस्त करून दिली. गतवर्षी छपाई व फ्लेक्सवर झालेल्या खर्चाचा आकडा मी त्याच टिपणीला जोडला आहे, आणि तो पन्नास हजारांहून अधिक आहे.